नाकाने शोधलेला वसंत

'द हॅपी डे' या चित्रपुस्तकात रंग एकदाच येतो, तोही अगदी शेवटी. त्याआधी सगळं काळं, पांढरं आणि करडं: बर्फ, झाडांचे बुंधे, झोपलेली जनावरं. १९४९ साली न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्स या प्रकाशनाने ते काढलं. मजकूर रूथ क्राउस यांचा, चित्रं मार्क सिमोंट यांची. सगळा मजकूर वहीच्या एका पानावर मावावा इतका थोडा.

गोष्टही तेवढीच. बर्फाने भरलेल्या रानात अस्वलं, रानउंदीर, खारी, गोगलगायी आणि ग्राउंडहॉग आपापल्या जागी गाढ झोपलेले असतात. ग्राउंडहॉग म्हणजे बिळात राहणारा, मांजराएवढा, गुबगुबीत कुरतडणारा प्राणी. अचानक सगळ्यांना जाग येते. नाकं वर होतात, हवेत काहीतरी आहे असं सगळ्यांनाच जाणवतं, आणि वासाच्या मागावर सगळं रान धावत सुटतं. एका ठिकाणी येऊन ही सेना थबकते. हसते, नाचते. कशापायी, ते शेवटचं पान उलटल्यावर कळतं. बर्फातून एक फूल वर आलेलं असतं, पिवळंधमक.

यात खलनायक नाही, संकट नाही, कुणाला नावसुद्धा नाही. तरीही वसंतावरच्या बालपुस्तकांमध्ये मी हे पुस्तक सगळ्यात वर ठेवतो. एरवी वसंत म्हटला की पहिल्या पानापासून फुलं, फुलपाखरं, घरट्यातली पिल्लं आणि सात रंगांची उधळण. चार पानांत डोळे भरतात आणि पाचव्या पानाला बघायला काही उरत नाही. क्राउस आणि सिमोंट यांनी मात्र मुलाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवलं. डोळ्यांना काही न देता आधी नाक जागं केलं. वसंत दिसण्याआधी त्याचा वास येतो, ही निसर्गातली गोष्ट त्यांनी पुस्तकाच्या बांधणीतच उतरवली.

हे क्राउस यांना सुचलं त्यामागे एक शाळा आहे. त्या न्यूयॉर्कमधल्या बँक स्ट्रीटच्या लेखकमंडळात होत्या. १९१६ साली बालशिक्षणातले प्रयोग करण्यासाठी निघालेल्या संस्थेतून पुढे हे बँक स्ट्रीट उभं राहिलं. तिच्या प्रमुख लूसी स्प्रेग मिचेल यांनी १९२१ मध्ये 'हिअर अँड नाऊ स्टोरी बुक' नावाचा संग्रह काढला. परीकथा आणि राजेराण्या यांच्याआधी मुलाला त्याचं आजचं, हाताला लागणारं जग द्या, असा त्यांचा आग्रह होता. दोन-तीन वर्षांचं मूल विचार करतं ते हातापायांनी, जिभेने, नाकाने. गोष्टीची भाषाही तशीच हवी, ठेका धरणारी, पुन्हापुन्हा येणारी, अंगाला हलवणारी. त्या काळी या मतावर बरीच वादावादी झाली, पण मिचेल यांच्या लेखकमंडळातून जी माणसं बाहेर पडली त्यांनी चित्रपुस्तकाचा चेहरा बदलला. 'गुडनाइट मून' (१९४७) लिहिणाऱ्या मार्गारेट वाइज ब्राउन तिथल्याच.

क्राउस यांचा कान मुलांच्या बोलण्याकडे लागलेला असे. 'अ होल इज टू डिग' (१९५२) हे त्यांचं गाजलेलं पुस्तक म्हणजे मुलांनी स्वतः केलेल्या व्याख्यांचा संग्रह. त्याची चित्रं तेव्हा विशीतल्या मॉरिस सेंडाक यांनी काढली. त्याआधी १९४५ मध्ये 'द कॅरट सीड' आलं होतं. त्यात एक मुलगा गाजराचं बी पेरतो, घरातलं प्रत्येक जण ते उगवणार नाही असं सांगतं, मुलगा रोज पाणी घालत राहतो आणि गाजर उगवतं. अवघे १०१ शब्द, चित्रं त्यांचे पती क्रॉकेट जॉन्सन यांची. 'द कॅरट सीड' आणि 'द हॅपी डे' शेजारी ठेवली की क्राउस यांचा जीव कशात होता ते कळतं. जमिनीतून काहीतरी वर येणार आहे, आणि ते येईपर्यंत थांबायचं आहे. मोठ्यांना हे थांबणं काही वाटत नाही. तीन वर्षांच्या मुलाला मात्र बी पेरल्यावर दुसऱ्या दिवशी कुंडी उकरून बघावीशी वाटते. त्याच्या लेखी वाट बघणं हे मोठं साहस आहे, आणि क्राउस त्याला साहसाचाच मान देतात.

चित्रकार सिमोंट १९१५ साली पॅरिसमध्ये जन्मले, कॅटलन आईबापांच्या पोटी. वडील जोसेप सिमोंट पॅरिसच्या 'लिलुस्त्रास्यों' या नावाजलेल्या साप्ताहिकाचे चित्रकार. म्हणजे चित्रकला घरातच होती. मार्क अमेरिकेत आले, न्यूयॉर्कमध्ये शिकले, आणि काही काळ रॉबर्ट मॅक्लॉस्की यांच्यासोबत एकाच बिऱ्हाडात राहिले. मॅक्लॉस्की तेव्हा 'मेक वे फॉर डकलिंग्ज' (१९४१) या पुस्तकासाठी बदकं नीट न्याहाळता यावीत म्हणून जिवंत बदकं घरात पाळून होते. प्राणी आठवणीतून काढायचा नाही, समोर ठेवून बघायचा, अशी ही पिढी.

सिमोंट यांची अस्वलं बघा. त्यांना कपडे नाहीत, चष्मे नाहीत, टोप्या नाहीत. मऊ, करड्या छटांमध्ये काढलेली जाडजूड केसाळ अंगं, एकमेकांना चिकटून पडलेली. झोपलेल्या जनावराचं वजन जमिनीवर कसं सैल पडतं ते या चित्रांत जाणवतं. मग धावण्याची पानं येतात, तेव्हा अगडबंब अस्वल आणि बोटभर उंदीर एकाच दिशेने निघालेले असतात, आणि त्यांच्यासोबत गोगलगायीही! मुलं नेमकी इथे बोट ठेवतात. गोगलगाय पोचेल का, हा या पुस्तकातला सगळ्यात गंभीर प्रश्न आहे, आणि मजकुरात त्याचा उच्चारही नाही. चित्राने मजकुराच्या पाठीमागे स्वतःची एक गोष्ट चालवायची, ही चित्रपुस्तकाची खरी ताकद. नुसत्या 'सचित्र' पुस्तकाला ती साधत नाही.

पिवळा रंग एकदाच वापरण्यामागे छपाईचं गणितही समजून घ्यायला हवं. त्या काळी प्रत्येक रंगासाठी वेगळी प्लेट बनवावी लागे आणि कागद त्या त्या शाईखालून पुन्हा जावा लागे. जितके रंग तितका खर्च. म्हणून कितीतरी पुस्तकांत एक जोडपान रंगीत आणि पुढचं काळं-पांढरं अशी तडजोड दिसते. 'गुडनाइट मून' असंच आहे. सिमोंट यांनीच चित्रित केलेलं 'अ ट्री इज नाइस', ज्याला चित्रपुस्तकांसाठीचं १९५७ चं कॅल्डेकॉट पदक मिळालं, तेही असंच. 'मेक वे फॉर डकलिंग्ज' तर आख्खं एकाच तपकिरी शाईत छापलं आहे. 'द हॅपी डे'त मात्र रंगांची कमतरता राहत नाही, ती गोष्टीच्या कामाला लागते. सगळं पुस्तक बर्फाखाली दबलेलं आणि पिवळा ठिपका त्यातून फुटून वर आलेला. आज चार रंगांत छापायला अडचण उरलेली नाही, पण एवढा संयम दाखवणारी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच दिसतात.

आता त्या नाकांकडे वळू. थंडीत वास मंदावतो, कारण वास म्हणजे पदार्थातून सुटून हवेत तरंगणारे रेणू, आणि तापमान उतरलं की हे सुटणं कमी होतं. गोठलेली माती तर जवळजवळ मुकीच असते. बर्फ वितळू लागला, जमिनीवरच्या कुजक्या पानांना ओल आणि ऊब मिळाली, मातीतले जिवाणू कामाला लागले, की महिन्यांची कोंडी फुटते. उत्तरेकडच्या रानात हिवाळा सरल्याची पहिली वर्दी डोळ्यांपेक्षा नाकाला मिळते. बर्फ तसाच असतो, झाडं तशीच उघडी असतात, पण हवेत ओल्या मातीचा वास आलेला असतो. क्राउस यांची गोष्ट या क्षणावर उभी आहे.

आणि झोपेचं काय? इथे मात्र पुस्तकातले पाचही प्राणी सारखे नाहीत, आणि हा फरक मला पुस्तकाइतकाच रंजक वाटतो.

ग्राउंडहॉग हा खरा शीतनिद्रेवाला. एरवी त्याच्या शरीराचं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं, ते बिळात ५ अंशांच्या जवळ येतं. हृदयाचे ठोके मिनिटाला ऐंशीच्या घरातून दहाच्या आत येतात. त्याला हात लावला तर तो मेलाय असंच वाटेल. असा जीव जागा होतो तो आतूनच. अंगातली तपकिरी चरबी जळू लागते, मग थरथर सुरू होते, आणि काही तासांत शरीर पुन्हा पूर्ण तापतं. गंमत म्हणजे या प्राण्यांना उठवायला बाहेरच्या वासाची फारशी गरज नसते. ग्राउंडहॉगच्या नात्यातल्या जमिनीवरच्या खारी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं एकाच तापमानात, एकाच प्रकाशात ठेवल्या, तरी त्या साधारण वर्षाच्या फेऱ्याने झोपत आणि उठत राहिल्या. त्यांच्या शरीरात वर्षाचं घड्याळ आहे. शिवाय हिवाळाभर त्या सलग झोपत नाहीत. दर एक-दोन आठवड्यांनी थोडा वेळ जाग्या होतात आणि परत थंड पडतात.

अस्वलाची तऱ्हा वेगळी. अलास्का विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी काळी अस्वलं कृत्रिम गुहांमध्ये ठेवून हिवाळाभर मोजमाप केलं आणि २०११ मध्ये ते प्रसिद्ध केलं. अस्वलाचं तापमान फक्त पाच-सहा अंशांनी उतरतं, पण शरीराचा खर्च एरवीच्या चौथाईवर येतो. ठोके मिनिटाला ५५ वरून १४ च्या आसपास. कित्येक महिने खाणं नाही, पिणं नाही, मलमूत्र नाही. तरी स्नायू फारसे झडत नाहीत, आणि मादी तर याच काळात, जानेवारीच्या सुमारास, पिल्लांना जन्म देते आणि दूध पाजते. त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. गुहेतून बाहेर पडल्यावर तापमान पूर्ववत झालं तरी अस्वलाची चयापचयाची गती दोन-तीन आठवडे कमीच राहते. ते चालतं, फिरतं, पण शरीर अजून अर्धवट हिवाळ्यातच. झोपेतून उठल्या उठल्या धाव ठोकणारी सिमोंट यांची अस्वलं म्हणजे क्राउस यांनी घेतलेली सूट आहे.

अशी सूट आणखी दोन ठिकाणी घेतली आहे. झाडावरची खार शीतनिद्रा घेत नाही. थंडीच्या कडाक्यात ती ढोलीत किंवा पानांच्या घरट्यात दडते, पण मधूनमधून बाहेर येऊन शरदात पुरून ठेवलेली फळं उकरते. आणि बरेचसे रानउंदीर तर हिवाळाभर जागेच. जाड बर्फाच्या थराखाली, जमिनीला लागून, एक पोकळी तयार होते. वर हवा उणे वीस असली तरी तिथे तापमान शून्याच्या आसपास टिकतं, कारण भुसभुशीत बर्फ रजईसारखा ऊब धरून ठेवतो. त्या पोकळीत उंदरांचे बोगदे, कोठारं, सगळा संसार चालू असतो. वरून कोल्हा कान देऊन त्यांची हालचाल ऐकतो आणि नाक पुढे करून बर्फात सूर मारतो. गोगलगाय मात्र पुस्तकात दाखवल्याप्रमाणेच झोपते, आपल्या शंखाचं तोंड वाळलेल्या चिकट पडद्याने बंद करून. काही जातींत तो पडदा चुनखडीचा, चक्क टणक असतो.

तर मग पुस्तक चूक ठरतं का? मला तसं वाटत नाही. पहिल्या वाचनात मुलाला मध्येच थांबवून खार झोपत नसते हो, असं सांगणाऱ्या मोठ्या माणसाने पुस्तक खाली ठेवावं. पण पाचव्या-सहाव्या वाचनाला मूल स्वतःच विचारतं: उंदराला बर्फाखाली थंडी नाही का वाजत? गोगलगायीला दार आहे का? तेव्हा ही सगळी खरी माहिती तयार हवी. चांगलं चित्रपुस्तक असे प्रश्न उगवायला जागा ठेवतं, आणि त्यांची उत्तरं देणं हे घरातल्या आणि बालवाडीतल्या माणसांचं काम आहे.

बर्फातून वर येणारं फूल ही कविकल्पना नाही. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या दलदलीत स्कंक कॅबेज नावाची वनस्पती हिवाळ्याच्या शेवटी फुलते. तिचा फुलोरा स्वतः उष्णता निर्माण करतो आणि बाहेरच्या हवेपेक्षा १५ अंशांहूनही जास्त गरम राहू शकतो. भोवतालचा बर्फ वितळून गोल खळगा पडतो आणि त्यातून जांभळट-तपकिरी टोपीसारखं आवरण डोकं काढतं. दिसायला ते सिमोंट यांच्या फुलासारखं मुळीच नाही. वास तर सडक्या मांसासारखा, लवकर बाहेर पडलेल्या माश्यांना बोलावणारा. पण पुढचं ऐका. गुहेतून बाहेर आलेली काळी अस्वलं न्यू इंग्लंडच्या रानात वसंतात जे खातात त्यात याच वनस्पतीच्या कोवळ्या पानांचा मोठा वाटा असतो. वास मारणारी, बर्फ भेदून वर येणारी वनस्पती आणि तिच्याकडे जाणारं अस्वल! क्राउस यांनी हे ठरवून लिहिलं असेल असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या गोष्टीचा सांगाडा त्या रानात खरोखर सापडतो. पिवळा रंग हवा असेल तर ट्राउट लिली आहे. वरची झाडं पानांनी भरून जमिनीवर सावली धरण्याआधी जे काही आठवडे ऊन खाली पोचतं, तेवढ्यात उगवून, फुलून, बी धरून ती पुन्हा जमिनीत गडप होते.

१९५० साली या पुस्तकाला कॅल्डेकॉट ऑनर हा मान मिळाला. त्या वर्षीचं मुख्य पदक लिओ पोलिटी यांच्या 'साँग ऑफ द स्वॉलोज'ला गेलं, आणि ते पुस्तकही वसंताच्या परतण्याचंच होतं. दरवर्षी १९ मार्चच्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या एका जुन्या मिशनच्या आवारात परतणाऱ्या पाकोळ्यांचं.

मराठी मुलाच्या हाती 'द हॅपी डे' दिलं तर बर्फ त्याच्या ओळखीचा नाही, आणि फुलासाठी एवढं वाट बघणंही नाही. आपल्याकडे फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर पान झाडून अंगभर फुलतात, त्यामुळे रंग आधीच समोर असतो. आपल्या गोगलगायी झोपतात त्या उन्हाळ्यात, आणि मृगाच्या पावसाने उठतात. पण वासाच्या मागावर निघालेलं अस्वल आपल्याकडेही आहे, आणि ते नेमकं वसंतातच निघतं. विदर्भाच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. मांसल, पिवळसर-पांढरी, साखरेने भरलेली फुलं रात्रीपासून पहाटेपर्यंत टपटप गळत राहतात आणि तो जड, गोडसर वास दूरवर पसरतो. आपलं अस्वल शीतनिद्रा घेत नाही. त्याचे डोळे कमजोर, नाक मात्र तिखट. वारुळं उकरून वाळवी ओढून खाणारं हे अस्वल त्या दिवसांत मोहाखाली येतं. चितळ, भेकर, साळिंदरही येतात. वर फांद्यांत फळवाघळं फुलं चोखत असतात आणि त्यांच्या अंगाला लागून पराग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो.

त्याच पहाटे गडचिरोली-चंद्रपूरकडच्या गोंड आणि माडिया बाया टोपल्या घेऊन त्याच झाडाखाली येतात. झाडाखालची जागा आधीच झाडून, पालापाचोळा जाळून स्वच्छ केलेली असते, म्हणजे फुलं मातीत हरवत नाहीत. वाळवलेली फुलं खायला, विकायला, दारूसाठी वर्षभर कामी येतात. अंधुक उजेडात अस्वल आणि माणूस समोरासमोर आले की हल्ले होतात, आणि दरवर्षी मोहाच्या दिवसांत अशा बातम्या येतात.

या मोहाखालच्या पहाटेवर मराठीत एक चित्रपुस्तक हवं. काळ्या रात्रीपासून सुरू होणारं, वासाने पुढे सरकणारं, फुलाचा रंग शेवटी दाखवणारं. त्यात अस्वल असेल, वाघूळ असेल, चितळाचं पाडस असेल, आणि टोपलीवाली बाईही असेल. तिला वगळून ते पुस्तक करता येणार नाही, कारण त्या रानातल्या मुलांची आईच ती. अस्वलाच्या आणि तिच्या येण्यात अंतर कसं ठेवायचं, पहाटे घोळक्याने का जायचं, बोलत का चालायचं, हे त्या भागातली माणसं जाणतात. चित्रकाराने त्यांच्याकडून ते समजून घ्यावं, मॅक्लॉस्की बदकांजवळ बसले तसं मोहाखाली जाऊन बसावं, आणि मग पहिली रेघ ओढावी.